कुत्र्याची लक्षणवही: होमिओपॅथीकडे नेण्याआधी काय टिपायचं आणि खर्च किती येतो

कुत्र्याला होमिओपॅथीचं औषध द्यायचं ठरतं तेव्हा बहुतेक घरांत दोन कारणं सांगितली जातात. औषध स्वस्त असतं, आणि त्याने अपाय होत नाही. पहिलं कारण अर्धंच खरं आहे. ३० मिलीची बाटली शंभर ते दोनशे रुपयांत येते आणि गोळ्या गोड असल्यामुळे कुत्रं त्या आपणहून चाटतं. पण पहिल्या भेटीत होमिओपॅथीचे डॉक्टर अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारतात आणि फी त्या वेळेची असते. उत्तरं ‘असेल बहुतेक’, ‘नीटसं लक्षात नाही’ अशी मिळाली, तर औषध अंदाजाने ठरतं, पंधरा दिवसांनी बदलतं आणि फी पुन्हा भरावी लागते. दुसरं कारण त्याहून कच्चं आहे. गोळीने अपाय झाला नाही तरी गोळीच्या भरवशावर घालवलेल्या दिवसांनी तो होतो, आणि त्या दिवसांची किंमत पुढे सलाईनच्या किंवा शस्त्रक्रियेच्या बिलात मोजावी लागते.

चाळीस-पन्नास रुपयांची शंभर पानी वही या दोन्ही प्रकारच्या खर्चाला आळा घालते. ती नीट लिहिली तर होमिओपॅथीच्या डॉक्टरांना हवं ते सगळं मिळतं, प्राण्यांच्या डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि औषध लागू पडतंय का याचा निकाल तुम्हाला घरबसल्या लावता येतो. या लेखात वही कशी लिहायची ते जास्त आहे आणि औषधांबद्दल कमी, ते मुद्दाम.

आधी होमिओपॅथीबद्दलचं माझं मत स्पष्ट करते. बाटलीवर ३० असं लिहिलेलं असतं, तेव्हा मूळ द्रव्य शंभर पटीने, एकामागून एक तीस वेळा पातळ केलेलं असतं. बाराव्या वेळेनंतरच त्या द्रव्याचा एखादा रेणू बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये माणसांवरचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक ठरते असा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये भूमिका घेतली, की प्राण्यांना होमिओपॅथी द्यायचीच तर पुरावा असलेल्या उपचारांच्या जोडीने द्यावी, त्यांच्या जागी नको. माझंही मत हेच आहे. कुत्र्याची तपासणी झालेली असेल, तक्रार जुनी आणि सावकाशीची असेल, आणि घरच्यांना होमिओपॅथी करून पाहायची असेल, तर त्यांना मी अडवणार नाही. तपासणी न करता पुड्या सुरू करायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

कोणाकडे जायचं

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याला आहे. बी.एच.एम.एस. झालेले डॉक्टर माणसांसाठी शिकलेले असतात. कुत्र्याच्या हृदयाची गती किती असावी, मादीच्या गर्भाशयात पू कधी होतो, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नसतं. म्हणून शोध घ्यायचा तो बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पदवी असलेल्या आणि शिवाय होमिओपॅथी शिकलेल्या पशुवैद्याचा. असे डॉक्टर थोडे आहेत, पण आहेत. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असावा, नसेल तर विचारावा. असे डॉक्टर जवळपास मिळाले नाहीत, तर आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांना सांगून, त्यांच्या देखरेखीखालीच पुढे जावं. त्यांच्यापासून लपवून दुसरीकडे औषध चालू ठेवल्याने दोन्ही डॉक्टरांपर्यंत अर्धीच माहिती पोहोचते.

पहिलं पान कुत्रं धडधाकट असतानाचं

आजारपणात घेतलेला आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. त्याच्या शेजारी त्याच कुत्र्याचा बरा असतानाचा आकडा हवा. त्यासाठी एक डिजिटल थर्मामीटर (दीडशे ते तीनशे रुपये, त्यावर कुत्र्याचं नाव चिकटवून ठेवा) आणि मापाचा एक प्लॅस्टिकचा जग लागतो. वजनकाटा घरात असतोच. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मोठं कुत्रं उचलणं शक्य नसेल, तर बहुतेक दवाखान्यांत नुसतं वजन करायला पैसे घेत नाहीत.

ताप गुदद्वारात मोजावा लागतो. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं, एकाने डोक्याशी धरून बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट वर करून टोक इंचभर आत सरकवायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाला ताप वाटेल तो आकडा कुत्र्यात ठीक असतो. नाक कोरडं की ओलं यावरून ताप ठरवण्याची सवय सोडून द्या, त्यावरून काहीही कळत नाही. पळून आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर लगेच मोजू नका.

श्वास गाढ झोपेत मोजायचा. छाती वर जाऊन खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत असावा. सलग दोन-तीन वेळा तीसच्या वर आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या आजारात हा आकडा बाकी लक्षणांच्या आधी चढतो.

हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. त्या रंगाचा एक फोटो काढून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. पांढुरकेपणाची तुलना करायला पुढे तोच उपयोगी पडतो.

आता पाणी. सकाळी जगाने मोजून भांडं भरायचं, दिवसभरात पुन्हा भरलं तर तेही मोजायचं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. किलोमागे दिवसाला शंभर मिलीच्या वर पाणी जात असेल, तर ते जास्त समजतात. वीस किलोच्या कुत्र्याला ही मर्यादा दोन लिटरची. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यांत जास्त पैसे तीच वाचवते. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयातला पू, तिन्हींत पाणी वाढतं. गर्भाशयात पू बहुधा माजानंतरच्या चार ते आठ आठवड्यांत होतो आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच भरवशाचा इलाज असतो. वेळेत कळलं तर कुत्री स्वतःच्या पायांनी चालत शस्त्रक्रियेला जाते. होमिओपॅथीच्या प्रश्नावलीत ‘तहान फार’ हे एक लक्षण असतं आणि त्यावरून औषध निवडलं जातं. माझं सांगणं असं, की तहान वाढल्याची नोंद आधी रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीला घेऊन जा.

दिसलं ते लिहा, वाटलं ते वेगळं लिहा

होमिओपॅथीचे डॉक्टर आजाराच्या नावापेक्षा त्या प्राण्याची खासियत शोधतात. तक्रार कधीपासून आहे, कशानंतर सुरू झाली, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, डाव्या बाजूला की उजव्या, तहान कशी, ऊब हवी की गारवा, भीती कशाची. माणूस हे स्वतः सांगतो. कुत्र्याच्या बाबतीत ते घरातला माणूस सांगतो, आणि इथे घोटाळा होतो. आपण कुत्र्याच्या मनातलं सांगायला लागतो. ‘मुलगी होस्टेलला गेल्यापासून उदास आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘१२ जूनपासून संध्याकाळी दारापाशी बसतो, वाटी अर्धी सोडतो, चेंडू टाकला तर उठत नाही’ ही नोंद झाली. मुलगी गेल्याची तारीख शेजारी लिहावी, पण कारण म्हणून नव्हे. त्याच आठवड्यात दाढ किडलेली असू शकते आणि वाटी त्यामुळे अर्धी राहत असू शकते.

‘चिडका झालाय’ याऐवजी ‘कंबरेवर हात ठेवला की गुरगुरतो, डोक्यावर ठेवला तर नाही’ असं लिहिलं, तर होमिओपॅथला स्पर्श सहन न होणं हे लक्षण मिळतं आणि पशुवैद्याला कंबर तपासायची दिशा मिळते. फटाक्यांच्या किंवा ढगांच्या गडगडाटाच्या भीतीचंही तसंच. होमिओपॅथीच्या पुस्तकांत ती फॉस्फरससारख्या औषधांकडे बोट दाखवते. पण ब्राझील आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की आवाजाला घाबरणाऱ्या काही कुत्र्यांत ही भीती अंगदुखीशी जोडलेली असते आणि अशा कुत्र्यांत ती तुलनेने मोठ्या वयात सुरू होते. म्हणून ‘फटाक्यांना घाबरतो’ एवढं पुरत नाही. पिल्लू असल्यापासून घाबरतो की गेल्या दिवाळीपासून, हे लिहा.

ऊब आणि गारव्याच्या नोंदीबद्दल एक काळजी घ्या. मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात प्रत्येक कुत्रं फरशीवरच पसरतं. त्यावरून त्याची प्रकृती उष्ण ठरवणं चूक होईल. पंखा चालू होता का, बाहेर पाऊस होता का, चटई शेजारी असूनही फरशी निवडली का, हे लिहिलं तरच त्या नोंदीला अर्थ येतो.

नऊ वर्षांच्या, सकाळी आखडणाऱ्या लॅब्रॅडॉरच्या वहीतली एका दिवसाची नोंद साधारण अशी असावी:

*सोमवार, सकाळी ६.४०. उठायला दोनदा प्रयत्न. मागचा उजवा पाय टेकताना लंगडला, गेटपासून पुढे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चाल सरळ झाली. फिरणं २० मिनिटं. शी एकदा, घट्ट, तपकिरी. खाणं पूर्ण. दुपारी पाऊस. ४ वाजता उठला तेव्हा पुन्हा आखडलेला. रात्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, उचलून आणला. पाणी ११०० मिली. झोपेत श्वास १८. दुखण्याचा आकडा: आईच्या मते ५, दादाच्या मते ४. औषध: काही नाही.*

हे लिहायला पाच-सात मिनिटं लागतात. ‘पहिल्या हालचालीला वाईट, चालत राहिल्यावर बरं, पावसाळी हवेत जास्त’ हे वाचल्याबरोबर होमिओपॅथच्या मनात ऱ्हस टॉक्स हे औषध येतं. पशुवैद्याच्या मनात याच ओळींवरून सांध्यांची झीज येते आणि तो मागच्या पायांचा एक्स-रे सुचवतो. एकाच नोंदीचा दोघांना उपयोग झाला. एक्स-रे आधी काढला तर खुब्याचा सांधा निखळतोय का, हाडात गाठ आहे का, याची शंका फिटते आणि मग तुम्ही कोणतंही औषध निवडलंत तरी डोळे उघडे ठेवून निवडता.

खाजेसाठी ० ते १० असा आकडा पुरतो. ० म्हणजे खाजवणं नाहीच, १० म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवतो. त्यासोबत जागा लिहा. शेपटीच्या मुळाशी चावत असेल तर पिसवा, पंजे चाटत असेल आणि कान हलवत असेल तर ॲलर्जी, कानांच्या कडा आणि कोपर सोलवटले असतील तर खरूज, अशी दिशा डॉक्टरांना जागेवरून मिळते. गोचीड-पिसवांची गोळी दिल्याची तारीख वहीत नसेल तर खाजेची बाकी सगळी नोंद लंगडी पडते. ही गोळी वजनाप्रमाणे सहाशे ते दोन हजार रुपयांना पडते. खाज कायमची असेल तर मी पहिला खर्च हाच करायला सांगेन.

शी आणि उलटीचा फोटो काढा. कोणाला दाखवायला संकोच वाटू देऊ नका. काळी डांबरासारखी शी म्हणजे आत रक्त पचलेलं असू शकतं आणि ‘जरा गडद होती’ या शब्दांनी ते डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. झटका, खोकला, लंगडणं यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, चालण्याचा बाजूने आणि मागून. दवाखान्यात भेदरलेलं कुत्रं पुष्कळदा लंगडतच नाही.

घरातल्या कोणी तापाची किंवा अंगदुखीची माणसाची गोळी दिली असेल, तर तेही लिहा आणि डॉक्टरांना आधी तेच सांगा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, जठर बिघडू शकतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका यांचीही नोंद करा. डॉक्टर रागावतील या भीतीने ही एक ओळ गाळली जाते आणि पुढची सगळी तपासणी चुकीच्या वाटेने जाते.

सुधारणा डोळ्यांना दिसते, ती खरी आहे का

होमिओपॅथी करणाऱ्यांचा एक आवडता मुद्दा असतो: माणसाला भरवशामुळे बरं वाटेल, कुत्र्याला काय कळतं? कुत्र्याला कळत नाही हे खरं, पण निरीक्षण करणारे आपण असतो आणि आपल्याला कळतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या एका गटाला औषध नसलेली गोळी दिली होती आणि पाय जमिनीवर किती भार देतो हे यंत्राने मोजलं होतं. यंत्रात फरक नसतानाही पुष्कळ मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही दिसलं. प्रेमाने पाहणाऱ्या माणसाचं असं होणारच. शिवाय जुनी दुखणी वर-खाली होत राहतात आणि आपण डॉक्टरांकडे जातो ते दुखणं शिगेला असताना. पुढचे दिवस कमी दुखण्याचे असण्याची शक्यता औषधाशिवायही असते.

यावरचा उपाय वहीतच आहे. तक्रार तातडीची नसेल आणि आधीची औषधं ठरलेली असतील, तर नवं औषध सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे नुसती नोंद करा. मग औषध सुरू करा आणि त्या काळात खाणं, गोचिडाची गोळी, फिरण्याची वेळ यांतलं काही बदलू नका. दुखण्याचा आकडा घरातल्या दोघांनी वेगवेगळा द्यायचा, एकमेकांचा न पाहता. त्यांतल्या एकाला औषध कधी सुरू झालं हे माहीतच नसेल तर उत्तम. आजी-आजोबा किंवा कुत्रं फिरवायला येणारा मुलगा हे काम छान करतो. सांधेदुखीसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तयार केलेला अकरा प्रश्नांचा तक्ता मोफत मिळतो. इंग्रजीत आहे, पण प्रश्न साधे आहेत: उठताना, चालताना, पळताना, जिना चढताना दुखणं किती आड येतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी तो भरायचा.

औषध सुरू करतानाच पहिल्या पानावर निकाल लावायची तारीख लिहून टाका. सहा किंवा आठ आठवड्यांनी सरासरी आकडा निदान दोनाने उतरला नसेल, तर औषध बंद. ही तारीख आधी लिहिली नाही तर ‘अजून पंधरा दिवस पाहू’ असं म्हणत वर्ष जातं.

पैशांचा हिशेब

पुढचे आकडे पुणे-मुंबईसारख्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. लहान गावांत कमी असतात, आणि एकाच शहरात दोन पेठांत फरक पडतो. फोनवर विचारून मगच निघा.

सकाळी आखडणाऱ्या त्याच लॅब्रॅडॉरचे दोन महिने धरू. होमिओपॅथीची पहिली भेट आठशे ते दोन हजार, पुढच्या तीन भेटी प्रत्येकी चारशे ते हजार, औषधं मिळून चारशे ते आठशे. बेरीज २,४०० ते ५,८०० रुपये. आता पशुवैद्याची बाजू: तपासणी चारशे ते आठशे, दोन एक्स-रे बाराशे ते चोवीसशे, रक्ताची तपासणी यकृत-मूत्रपिंडासह दीड ते अडीच हजार, महिनाभराचं वेदनाशामक सहाशे ते दीड हजार. बेरीज ३,७०० ते ७,२०० रुपये. स्वस्त-महाग म्हणून जो फरक बोलला जातो तो एवढाच आहे, आणि दुसऱ्या रकमेत निदान मिळालेलं असतं. निदानाशिवाय केलेला कमी खर्च मला स्वस्त वाटत नाही.

वही असल्याने दोन्हीकडे काय वाचतं? पहिल्या भेटीचं काम एकाच भेटीत आटोपतं. फोनवरची पुढची भेट शक्य होते, कारण आकडे सांगता येतात. आणि डॉक्टर ‘सगळ्याच तपासण्या करून घेऊ’ असं म्हणण्याऐवजी नेमकी एखादी तपासणी सुचवतात. शीची तपासणी दीडशे-तीनशे रुपयांत होते, त्वचा खरवडून पाहणं दोनशे-चारशेत, तर सोनोग्राफी हजार ते अडीच हजारांत.

सरकारी आणि महाविद्यालयांच्या दवाखान्यांत फी खूप कमी असते. मुंबईत परळला, नागपूरला, सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला, परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. परळचं महाविद्यालय तर १८८६ पासूनचं. तिथे गर्दी असते आणि डॉक्टरांना तुमच्या कुत्र्यासाठी मिनिटं थोडी मिळतात. अशा वेळी वहीचं एक पान पुढे केलं, तर ती मिनिटं प्रश्नांत न जाता तपासणीत जातात.

बिल नेहमी मागा. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी लागत नाही, तो वेगळा लावला असेल तर विचारा. होमिओपॅथीच्या औषधाचं नाव आणि पोटेन्सी (बाटलीवरचा ३० सारखा आकडा) चिठ्ठीवर लिहून घ्या. बेनाम पुड्या घेऊ नका. रात्री-अपरात्री कुत्रं दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं तर पोटात काय गेलंय हे तिथल्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. सहा महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकूच नका. औषधांच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. फसवणूक झाल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

औषधाबद्दल दोन गोष्टी. पातळ औषधात मद्यार्क भरपूर असतो, म्हणूनच नियमानुसार त्याची किरकोळ विक्रीची बाटली ३० मिलीहून मोठी नसते. ते थेंब सरळ कुत्र्याच्या तोंडात टाकू नका, गोळ्यांवर घेऊन वाळवून द्या. ‘मदर टिंक्चर’ हे पातळ न केलेलं अर्कासारखं औषध असतं. उदाहरणार्थ, नक्स व्होमिका म्हणजे कुचला, त्यात स्ट्रिक्नीन हे विष असतं. मदर टिंक्चर पशुवैद्याच्या लेखी सूचनेशिवाय घरात उघडूसुद्धा नका. परदेशात राहणाऱ्यांनी साखरविरहित गोळ्यांत झायलिटॉल नाही ना हे वेष्टनावर पाहावं, ते कुत्र्याला विषारी आहे.

वही मिटून निघायचे प्रसंग

पोट टम्म फुगलंय आणि ओकाऱ्या येतात पण काही बाहेर पडत नाही. नर कुत्रं लघवीला बसतं आणि थेंब येत नाही. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला किंवा एकामागून एक आले. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या झाल्या. उन्हातून आल्यावर धाप थांबत नाही, चाल अडखळते. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या. उंदराचं औषध खाल्ल्याची शंका. यांत नोंद एकच: हे किती वाजता झालं. ती गाडीत बसून लिहा.

पिल्लाचे रक्ताचे जुलाब बऱ्याचदा पार्व्हो या विषाणूचे असतात. दवाखान्यात ठेवावं लागलं तर दिवसाला दीड ते चार हजार रुपये लागतात, आणि उशीर होईल तसे दिवस वाढतात व जगण्याची आशा कमी होते. गोचीड तापाचंही तसंच आहे. सुरुवातीला रक्ताची साधी तपासणी हजाराच्या आसपास होते आणि एर्लिकिया हा जंतू निघाला तर चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनला काहीशे रुपये पुरतात. नाकातून रक्त येईपर्यंत थांबलं तर रक्त चढवण्याची वेळ येते. गर्भाशयातल्या पूवरची तातडीची शस्त्रक्रिया पंधरा ते चाळीस हजारांत जाते, ठरवून केलेली नसबंदी त्याच्या एका हिश्श्यात होते.

रेबीजची शंका हा वेगळाच प्रसंग आहे. स्वभाव अचानक बदलला, लाळ गळते, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, तर तोंडात हात घालू नका, गोळी भरवायला जाऊ नका. कुत्र्याला एकटं बंद करून पशुवैद्यांना कळवा. कोणाला चावलं किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालय गाठा. लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून वाचण्याची आशा जवळजवळ नसते. लसीच्या जागी चालतात म्हणून दिल्या जाणाऱ्या होमिओपॅथीच्या ‘नोसोड’ गोळ्या रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर यांपासून वाचवत नाहीत. वार्षिक लसीकरणाची तारीख त्या पहिल्या पानावर, वजनाच्या शेजारी लिहा.

वेळ घेण्यापूर्वी फोनवर विचारायचं

तुम्ही नोंदणीकृत पशुवैद्य आहात का, क्रमांक काय. पहिल्या भेटीची फी किती, तिच्यात औषध धरलंय का. दोन भेटींमध्ये फोन केला तर पैसे पडतात का. औषधाचं नाव लिहून देता का. चालू असलेली औषधं बंद करायला सांगाल का. झटक्यांची, हृदयाची किंवा थायरॉइडची गोळी परस्पर बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊ नका. आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर काय सुचवाल? आणि रात्री दोन वाजता कुत्र्याचं बिनसलं तर फोन कोणाला करायचा? त्यांनी दिलेला क्रमांक आणि रात्रभर उघड्या असलेल्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.